ट्यूब मुलांना का देऊ नये
आमच्या चिखली तालुक्यातल्या एका गटाच्या खोलीतली ट्यूब गेली. एका ताईंच्या नातवाने ती खेळायला मागितली. मी दिली नाही, ताई रागावल्याच!

ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ असते. विजेचे बारीक कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, तिच्यावर आदळतात. धडक केवढी हवी, हे १९१४ साली जर्मनीत फ्रँक आणि हर्ट्झ यांनी मोजलं: ४.९ व्होल्ट. टॉर्चच्या तीन सेलपेक्षा जरा जास्त. कमी पडली तर कण नुसता आपटून परततो. पुरेशी बसली की पारा प्रकाश सोडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, काचेला आतून लावलेली पांढरी भुकटी त्याचा उजेड करते.

ट्यूब फुटली की हाच पारा घरात पसरतो. झाडू मारू नका. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, तुकडे जाड कागदाने उचलून बरणीत घट्ट बंद करा.