पडद्यावरील पहिली मायलेक

जबलपुरातील बडा फुहारा म्हणजे भर बाजारातील चौक. अशा चौकात सिनेमाच्या नटीचे चित्र लागले, तर आज कोणी क्षणभर थबकणारही नाही. परंतु पडद्यावरील स्त्री ही खरोखरच स्त्री असावी, एवढी गोष्टही एके काळी दुर्घट होती.

3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्यातील तारामती होते अण्णा साळुंके, एका उपाहारगृहातील आचारी! कुलीन स्त्रियांची गोष्ट दूरच. गणिकांनीही हे काम नाकारले होते. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात मात्र पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची अल्पवयीन कन्या कमला.

हे धैर्य आले कोठून? पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाईंनी लेकीला घेऊन रंगभूमीचा आश्रय केला होता. कमलाबाईंचे बालपण नाटकमंडळीच्या बिऱ्हाडातच सरले. समाजाची नापसंती सोसूनच मायलेकी पोट भरीत होत्या; कॅमेऱ्यापुढे त्यांनी गमवावे, असे फारसे काही उरलेच नव्हते.

सातासमुद्रांपलीकडेही रंगभूमीनेच चित्रपटाला नायिका दिली. फिलिपाईन्समध्ये 1919 साली निघालेल्या ‘दालागांग बुकिद’ या पहिल्या देशी चित्रपटाची नायिका आतांग दे ला रामा ही तेथील संगीत नाटकांतील गायिका होती. चित्रपट मूक, म्हणून खेळाच्या वेळी ती स्वतः गात असे.

कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. रघुनाथराव स्वतः स्त्रीभूमिका करणारे नट होते. ऐन तारुण्यात कमलाबाईंना वैधव्य आले. लालजी, चंद्रकांत आणि सूर्यकांत या मुलांचा भार एकटीवर पडला. त्यांनी तोंडाला रंग लावणे सोडले नाही; प्रसंगी पुरुषभूमिकाही केल्या. ज्या रंगभूमीवर पुरुष लुगडे नेसत, तेथे एका विधवेने मुलांसाठी पुरुषी वेष चढविला!

लालजी आणि सूर्यकांत तबलावादक झाले, चंद्रकांत नामवंत नट. नातू विक्रम यांनीही रंगभूमी गाजविली. 1980 सालच्या ‘गहराई’ चित्रपटातही कमलाबाई दिसल्या. 1998 साली त्या निवर्तल्या. भारतीय चित्रपटातील आद्य अभिनेत्री हा मान इतिहासाने त्यांना आणि त्यांच्या मातोश्रींना दिला. पण ज्या दिवशी त्या कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, त्या दिवशी त्यांच्यापुढे प्रश्न होता तो उद्याच्या भाकरीचा.