थकण्याआधीची विश्रांती



समितीने आरोग्यावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी विषय निवडला तो थकव्याचा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन मला अठरा महिने झाले. आतड्याचा उजवा भाग काढला, जखम भरली, तपासण्यांचे निकाल समाधानकारक आहेत. थकवा मात्र अजून मुक्कामाला आहे. भेटणारा प्रत्येक जण मायेने म्हणतो, "मावशी, आता अगदी बऱ्या दिसता." दिसणे आणि असणे यांतील अंतराविषयी आज बोलायचे आहे.

न्यूझीलंडमध्ये या रोगाचे प्रमाण जगातील सर्वांत अधिक प्रमाणांपैकी एक आहे. दरवर्षी तीन हजारांहून अधिक माणसांना तो असल्याचे निदान होते. सरकारची मोफत तपासणी योजना जुलै २०१७ मध्ये हट व्हॅली आणि वाइरारापा येथे ६० ते ७४ वयाच्या लोकांसाठी सुरू झाली आणि २०२२ पर्यंत देशभर पोहोचली. टपालाने एक लहानशी नळी येते. शौचाचा नमुना घरीच घेऊन परत पाठवायचा. मला कोणतेही दुखणे नसताना त्या नळीनेच रोग उघड केला. ती नळी ज्यांच्या कपाटात पडून असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर ती बाहेर काढावी.

आता थकव्याकडे वळते. मुंबईत परिचारिका असताना मी सलग रात्रपाळ्या केल्या. त्या थकव्याला एक गाढ झोप पुरत असे. हा थकवा निराळा. झोपून उठावे तरी अंग शिणलेलेच. चौथी चपाती लाटताना हात जड होतात. प्रार्थनेची एकच ओळ दोनदा वाचावी लागते. हा आळस नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. शस्त्रक्रियेनंतर शरीर आपली शक्ती जखम भरण्याकडे वळवते, अंथरुणावर स्नायू झपाट्याने झिजतात, गाठीतून आधीच रक्त गेलेले असते, जुलाब होत असल्यास पाणी आणि क्षार कमी होतात, रात्रीची झोप मोडते. हा थकवा कित्येक महिने, काहींना वर्षाहूनही अधिक काळ राहतो. मला केमोथेरपी लागली नाही. ज्यांना लागते, त्यांचा काळ बहुधा आणखी लांबतो.

म्हणून पहिले सांगणे असे की थकवा डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. "जरा अशक्तपणा वाटतो" एवढे पुरत नाही. "पूर्वी दोन जिने चढत असे, आता एकाच जिन्यावर थांबावे लागते" असे सांगा. हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा, थायरॉइड आणि बी-१२ यांची तपासणी करता येते. बी-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषले जाते आणि उजवीकडच्या शस्त्रक्रियेत त्या भागाचाही काही तुकडा जातो. माझे लोह कमी निघाले. ते शिरेतून दिल्यावर जिना सोपा झाला. उरलेल्या थकव्याशी मात्र संसार करावा लागतो.

तो कसा करावा, हे आपल्या पूर्वजांकडून शिकता येते. कोकणात आपल्या लोकांना 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. बैल कोसळला म्हणून तो बंद होत नसे. दिवस आला म्हणून बंद होत असे. शब्बाथ आपण दमलो आहोत का, असे विचारून येत नाही. आजारानंतरची विश्रांतीही अशीच हवी: थकल्यावर नव्हे, थकण्याआधी. बरे वाटले त्या दिवशी सारे घर आवरले, तर पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. म्हणून मी दोन आठवडे वहीत नोंद ठेवली. कोणत्या कामाने किती दमते ते कळले, तेव्हा दिवसाचे तुकडे पाडले. भाजी बसून चिरते. स्नान आणि बाजार एकाच सकाळी करीत नाही. दुपारी अर्धा तास पडते, दमले नसले तरी. योम किप्पूरच्या उपवासाबद्दल आजाऱ्याने आधी डॉक्टरांना व राब्बींना विचारावे. जीव राखणे ही आपल्या धर्माचीच आज्ञा आहे.

विश्रांतीइतकेच चालणेही आवश्यक आहे. नुसते पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात आणि थकवा वाढतो. मी आओटेआ लगूनच्या सपाट वाटेवर दहा मिनिटांपासून आरंभ केला. आता वाऱ्याने परवानगी दिली की पूर्ण फेरी होते. २०२५ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केमोथेरपी पूर्ण केलेल्या, आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला होता. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेले त्या गटात सुमारे ८० टक्के होते, दुसऱ्या गटात सुमारे ७४. औषधाच्या तोडीचा हा लाभ आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वहीत मावत नाही. थकलेल्या प्रत्येक सकाळी मनात येते, रोग परतला तर नाही? परिचारिकेला तर नको तितके ठाऊक असते. मी मनाशी एक नियम केला आहे: शौचातून रक्त, कारणाविना घटणारे वजन, नवी धाप किंवा न थांबणारी पोटदुखी आढळली, तर त्याच दिवशी डॉक्टर. यांपैकी काही नसेल, तर तो थकवाच आहे असे मानून चहा ठेवायचा.

शेवटी निरोगी मंडळींसाठी. आजाऱ्याच्या भेटीला जाणे, बिक्कुर होलीम, हे आपले कर्तव्य. परंतु रुग्णालयातून घरी आल्यावर पंधरवड्यात भेटी आटतात, आणि खरी गरज तर पुढे वर्षभर असते. वीस मिनिटे बसा, आपला चहा आपणच करा, जाताना कपडे वाळत घालून जा. गेल्या वर्षी आमच्या घरी मलिदा झाला, तेव्हा पोहे भिजविण्यापासून खोबरे खोवण्यापर्यंत सारे नातीने केले. मी खुर्चीवर बसून प्रमाण सांगत होते. इतक्या वर्षांनी ते ताट दुसऱ्याच्या हाती देताना डोळे भरून आले, हे लपवीत नाही. पण एलियाहू हन्नाबींचे नाव त्या ताटापुढेही तितक्याच श्रद्धेने घेतले गेले, आणि मलिदा कसा करतात ते आता आमच्या घरात दोघींना येते.

दर मंगळवारी सकाळी दहा वाजता मी लगूनच्या वाटेवर असते. वेग अतिशय मंद आहे. ज्यांना कोणताही थकवा सोबत घेऊन चालायचे असेल, त्यांनी यावे. वाटेत बसायला बाके आहेत.