सोडलेला मासा जगला पाहिजे
(गणेशोत्सव व्याख्यानमाला, बेंगळुरू : भाषणाचा सारांश)



आपण बेंगळुरूकर बहुतांशी कावेरीचे पाणी पितो. त्याच कावेरीच्या खोऱ्यात केशरी परांचा, पाठीला कुबड असलेला महासीर मासा राहतो. जगात इतरत्र तो कुठेच नाही. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्याची 'टॉर रेमादेवी' अशी ओळख निश्चित केली आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' ठरला.

लोणावळ्याला १९७० च्या दशकापासून महासीरच्या पैदाशीचे मोठे काम झाले. तिथली निळ्या परांच्या महासीरची बोटुकली कावेरीतही सोडली गेली. ती जात काटक. इथे चांगलीच फोफावली. मूळचा केशरी मासा मात्र विरळ होत गेला. म्हणून पहिला नियम असा, की ज्या नदीत सोडायचे, त्याच नदीच्या माशांची पिल्ले हवीत.

पण तेवढ्याने भागत नाही. टाकीतल्या बोटुकलीला वेळेवर आयते खाद्य मिळते. माणसाची सावली दिसली, की ती पृष्ठभागाकडे धावते. नदीत तीच सावली बगळ्याची असते! सोडलेल्या पिल्लांची मोठी हानी पहिल्या काही दिवसांतच होते. केशरी महासीर इतके थोडे उरले आहेत, की त्यांची पिल्ले अशी वाया घालवणे परवडणारे नाही.

यावर उपाय आहेत. टाकीत दगडगोटे, पाणवनस्पती आणि वाहते पाणी ठेवावे. जिवंत भक्ष्य पकडायची सवय लावावी. शत्रूची ओळखही शिकवता येते. जखमी माशाच्या त्वचेतून पाण्यात एक द्रव्य मिसळते आणि त्याने इतर मासे घाबरतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये दाखवले. हे द्रव्य आणि मरळीसारख्या शिकारी माशाचा वास एकत्र दिला, की अनेक जातींची पिल्ले पुढे त्या नुसत्या वासानेही सावध होतात. शेवटी काही दिवस त्यांना नदीतच जाळीच्या कुंपणात ठेवावे आणि मग मोकळे करावे. सून घरात रुळायलाही वेळ लागतो. हा तर मासा!

बाप्पाचे आपण विसर्जन करतो, माशांचे करायचे नसते. तेव्हा 'अमुक लाख मासे सोडले' अशी बातमी वाचाल, तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा : ते कोणत्या नदीचे होते, आणि वर्षाने त्यातले किती उरले?

गणपती बाप्पा मोरया!