रक्तातले विष आणि ड्युटीचा तक्ता

(जबलपूर येथे मराठीभाषक रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेले भाषण)

जयप्रकाश नारायण १९४७ ते १९५३ या काळात ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते. टपाल कामगारांच्या संघटनेचेही नेतृत्व त्यांनी केले. आणीबाणीत, १९७५ साली, चंदीगढला स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. सुटकेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायलिसिस सुरू झाले. लोकांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी यंत्र घेतले. त्या यंत्राच्या आधाराने जेपी ऑक्टोबर १९७९ पर्यंत जगले आणि मधल्या काळात १९७७ चे सत्तांतरही त्यांनी घडवले. तेव्हा डायलिसिसवरचा माणूस म्हणजे कामातून गेलेला माणूस, हा समज आपण आधी काढून टाकू या.

पण डायलिसिसने रोग बरा होतो, हा समजही तितकाच चुकीचा आहे. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास राबतात. त्यांना साप्ताहिक सुट्टी नाही की रिलीव्हर नाही. डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास होते, म्हणजे १२ तास. उरलेल्या १५६ तासांत युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस आणि पाणी शरीरात साचतच राहते. रविवारनंतर सोमवारी सॉर्टिंगला थैल्यांचा ढीग कसा पडतो, हे आमच्या टपालवाल्या साथींना सांगायला नको.

शिवाय सगळे विष यंत्रातून निघत नाही. युरियाचे कण लहान, ते पडद्यातून सहज जातात. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचे कण मोठे. ते वर्षानुवर्षे सांध्यांत साचतात आणि मनगटे, खांदे धरतात. इंडॉक्सिल सल्फेटची गोष्ट आणखी वेगळी. आतड्यातले जंतू अन्नातल्या प्रथिनांपासून जो पदार्थ करतात, त्यापासून ते बनते आणि रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसते. यंत्र त्यातले थोडेच काढू शकते. म्हणून रिपोर्टात युरिया उतरला तरी थकवा, खाज, मळमळ राहू शकते. अशा साथीला कामचुकार म्हणणे हा अन्याय आहे.

सर्वांत धोक्याचा असतो दोन दिवसांचा खंड. अमेरिकेतील ३२,०६५ रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त आढळले. पोटॅशियम वाढले तर हृदय अचानक बंद पडू शकते. असे असता आमचे काही साथी रजा वाचवण्यासाठी एखादी पाळी चुकवतात, कुणी तास आधी उठून ड्युटी गाठतात. साथींनो, वाचवलेली ही रजा फार महाग पडते!

यंत्र वर्गणीने आणता येते. वेळ मात्र हक्क म्हणूनच मागावा लागतो. म्हणून आमची मागणी अशी :

१. ड्युटीचा तक्ता डायलिसिसच्या वेळा पाहून लावावा. अशा कामगाराला रात्रपाळी देऊ नये.
२. उपचाराचे तास गैरहजेरीत धरू नयेत.
३. डायलिसिसची सोय नसलेल्या गावी बदली करू नये.

कंत्राटी साथींना रेल्वे रुग्णालयाचा आधार नाही. २०१६ साली जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयांत मोफत सोय आहे. शाखेच्या कार्यकर्त्यांनी त्यांची कागदपत्रे पुरी करून द्यावीत.

आणि जे आज धडधाकट आहेत त्यांनी रक्तदाब, साखर आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे. मधुमेह आणि रक्तदाब ही मूत्रपिंडे निकामी होण्याची मोठी कारणे आहेत. अंगदुखीच्या गोळ्या मनाने गिळत राहू नयेत.

या तिन्ही मागण्यांचे निवेदन तयार आहे. घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने त्यावर सही करावी, ही विनंती.

कामगार एकजुटीचा विजय असो!