बैठकीचा पोकर व पडद्यावरचा पोकर

पोकर हा पैजेचा खेळ. हातीं पत्ते हलके असतांहि हूल देऊन डाव जिंकतां येतो, हें त्याचें वैशिष्ट्य. २००३ सालीं लास वेगास येथील जागतिक स्पर्धेंत ८३९ खेळाडूंतून ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस पहिला आला व २५ लक्ष डॉलर्सचा धनी झाला. त्याला तेथें प्रवेश मिळाला होता तो संगणकावरील एका लहान स्पर्धेंतून. तेव्हांपासून घरबसल्या खेळणारांची रीघच लागली.

नियम दोहोंकडे एकच; गति मात्र निराळी. बैठकींत पत्ते पिसावे, वाटावे, चकत्या मोजाव्या लागतात. म्हणून तासाभरांत २५-३० डाव होतात. पडद्यावर एका टेबलावर ६०-७० होतात, आणि सराईत खेळाडू चार टेबलें एकदम मांडतो. समोर माणूस नसल्यानें थरथरता हात दिसत नाहीं; दिसतो तो पैजेचा आकडा व विचारास लागलेला वेळ. २००७ सालीं तर एका संकेतस्थळावर कोणाला इतरांचे झांकलेले पत्ते दिसत असल्याचें खेळाडूंनींच डावांच्या नोंदी ताडून उघडकीस आणलें.

बैठकींत हरणाऱ्यास आपला चकत्यांचा ढीग घटतांना दिसतो, व उठून जाण्यास अवसर मिळतो. पडद्यावर पुढचा डाव तत्क्षणीं वाटला जातो. भारतीय संसदेनें २०२५ सालीं पैशांच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा केला, तोहि व्यसन व द्रव्यहानि यांच्याच चिंतेनें. घरांतील कोणी यांत गुंतला असेल, तर किती हरला एवढेंच न विचारतां, किती वेळांत हरला, हेंहि वडीलधाऱ्यांनीं विचारावें.