पिना वाढतात, वीज वाढत नाही



आज आपण इथे बसल्या बसल्या कबड्डीचा एक गुणफलक बांधू. दोन्ही संघांचे गुण प्रत्येकी दोन अंकी, आणि चढाईचे ३० सेकंद उलटे मोजणारं घड्याळ, तेही दोन अंकी. म्हणजे सहा अंक. एकेक अंक सात पट्ट्यांचा, तेव्हा पेटवायच्या-विझवायच्या पट्ट्या झाल्या ४२. शिवाय गुणलेखकाच्या टेबलावर सात-आठ बटणं. आणि हाताशी आहे तो आर्डुइनो उनो.

उनोवर ० ते १३ अशा चौदा पिना आहेत आणि ए० ते ए५ अशा आणखी सहा. त्या सहांशेजारी ‘अॅनालॉग’ लिहिलेलं असतं म्हणून पुष्कळ मुलं त्यांना हातच लावत नाहीत. वास्तविक त्या साध्या डिजिटल पिना म्हणून बिनतक्रार चालतात. (नॅनोवरच्या ए६ आणि ए७ तेवढ्या चालत नाहीत, त्या फक्त व्होल्टेज मोजतात.) ० आणि १ या पिना संगणकाशी बोलायला लागतात, त्या सोडून द्या. उरल्या अठरा. गरज पन्नासची.

दुकानदार लगेच म्हणेल, “मेगा घ्या की!” मेगावर ५४ डिजिटल आणि १६ अॅनालॉग पिना आहेत, म्हणजे मोजणीपुरता प्रश्न मिटला. पण एका पट्टीला नुसते १० मिलिअँपिअर धरा. ४२ पट्ट्या एकदम पेटल्या की ४२० मिलिअँपिअर होतात, आणि मेगावरच्या अख्ख्या चिपमधून २०० च्या वर करंट जाता कामा नये. एकेक पिन मर्यादेत असते, बेरीज मर्यादेबाहेर जाते. हे वहीवर मांडल्याशिवाय दिसत नाही, आणि छंद म्हणून काम करणारा माणूस वही उघडायला फार नाखूश असतो. पिना कमी पडल्या म्हणून मोठा बोर्ड आणणं मला म्हणूनच पटत नाही. पिना दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीच्या बदल्यात मिळवता येतात. विजेचं तसं नाही, तिची वेगळी सोय करावीच लागते.

बदल्यात द्यायची ती गोष्ट म्हणजे वेळ. उनोतला एटीमेगा ३२८ सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोक्यांनी चालतो. आपले डोळे आणि बोटं त्याच्यापुढे इतकी मंद आहेत की वेळ त्याच्याकडे उधळायला पडलेला असतो.

तो उधळायची जुनी रीत म्हणजे स्कॅनिंग. सहाही अंकांच्या सात पट्ट्या एकमेकांना जोडायच्या, प्रत्येक अंकाला एक वेगळी निवडतार द्यायची, आणि एका वेळी एकच अंक पेटवत भराभर फिरायचं. सात अधिक सहा, तेरा पिनांत काम भागतं. टेबलावरच्या घड्याळाला हे उत्तम. मैदानावर मात्र प्रत्येक अंक एक षष्ठांश वेळच पेटलेला असतो, त्यामुळे दुपारच्या उन्हात फलक फिका पडतो. कोणी मोबाइलवर सामना टिपला तर चित्रात अंक लुकलुकतात. आणि प्रोग्रॅम मध्येच अडकला तर एकच अंक भगभगत राहतो, बाकी पाच अंधारात.

म्हणून फलकासाठी मी ७४एचसी५९५ घेईन. सोळा पायांची ही स्वस्त चिप पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. तिला लागतात तीन तारा: डेटा, क्लॉक आणि लॅच. डेटाच्या तारेवर एक बिट ठेवायचा, क्लॉकला एक ठोका द्यायचा, की आधीचे सगळे बिट एकेक घर पुढे सरकतात. आठ ठोक्यांत आठ घरं भरतात. पण हे सरकणं बाहेर दिसत नाही. नाटकात पडद्याआड नेपथ्य बदलतात आणि मगच पडदा उघडतात, तसं लॅचची तार वर गेली की आठही आउटपुट एकदम बदलतात. नंतर प्रोग्रॅम कुठेही गुंतला तरी आकडा आहे तसा राहतो.

खरी गंमत नवव्या पायावर आहे. आठ घरं भरल्यावर पुढे ढकलला गेलेला बिट तिथून बाहेर पडतो. तो पाय पुढच्या चिपच्या चौदाव्या पायाला जोडायचा, क्लॉक आणि लॅच सगळ्यांना सामाईक. सहा अंकांना सहा चिपा, ४८ आउटपुट, आणि उनोच्या पिना खर्च झाल्या तीन. ४८ बिट सरकवायला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ जातो. उनोतलं बिट सरकवणारं तयार हार्डवेअर (एसपीआय) वापरलंत तर त्याहूनही फार कमी.

तुमच्यापैकी ज्यांनी डिप्लोमाला ८०८५ च्या किटवर हेक्स कोड टाइप केले असतील, त्यांना यात नवल वाटणार नाही. ८०८५ ला स्वतःचे पोर्ट जवळजवळ नव्हतेच. चाळीस पायांची ८२५५ जोडायची, तेव्हा २४ लाइन मिळायच्या. फक्त तिला अख्खी आठ तारांची डेटा बस लागे, वर पत्त्याच्या आणि कंट्रोलच्या तारा.

आता विजेकडे. ५९५ ही बिचारी नाजूक चिप आहे. तिच्या सगळ्या आउटपुटचा मिळून करंट ७० मिलिअँपिअरच्या आत ठेवावा लागतो. आठ एलईडी थेट लावून २० मिलिअँपिअरने पेटवले की हिशेब १६० वर जातो. चिप लगेच जळेलच असं नाही, गरम होत काही दिवस चालते, आणि म्हणूनच ही चूक इतकी पसरली आहे. फलकाच्या एका पट्टीत चार लाल एलईडी एकापुढे एक जोडून १२ व्होल्टवर चालवू. पट्टी आणि ५९५ यांच्यामध्ये यूएलएन२००३ बसवू. तिच्यात सात ट्रान्झिस्टर-जोड्या असतात, अंकात पट्ट्याही सात, त्यामुळे एका अंकाला एक चिप नेमकी पुरते. चार एलईडींनी आठ व्होल्ट घेतले, यूएलएनने एक, उरलेल्या तिनासाठी १५० ओहमचा रेझिस्टर, की २० मिलिअँपिअर मिळाले. ५९५ च्या एका आउटपुटवर ओझं दीड मिलिअँपिअरच्या आत. ४२ पट्ट्यांचे ८४० मिलिअँपिअर १२ व्होल्टच्या सप्लायमधून येतात, उनोला त्याची झळ नाही. दोन्हींचं ग्राउंड मात्र एक करा. प्रत्येक ५९५ च्या अगदी पायाशी १०४ चा सिरॅमिक कपॅसिटर हवा. तो गाळला की अंक मधूनच वेडेवाकडे दिसतात आणि दोष प्रोग्रॅमला दिला जातो.

आणखी एक. वीज चालू केल्या क्षणी ५९५ मध्ये काहीही भरलेलं असू शकतं. दिव्यांचं यात फारसं बिघडत नाही, पण उद्या कोणी त्याच चिपवर मोटारीचे रिले लावले तर ते आपोआप खटकतील. तेराव्या पायाला १० किलोओहमने वर ओढून आउटपुट बंद ठेवायचे आणि पहिला आकडा भरल्यावरच तो पाय खाली घ्यायचा. चौथी पिन खर्च झाली.

आयटूसीच्या दोन तारांवर चालणाऱ्या पीसीएफ८५७४ आणि एमसीपी२३०१७ या चिपाही लोकप्रिय आहेत. एकीत आठ लाइन, दुसरीत सोळा, आणि प्रत्येक चिपला पत्ता असतो. छोट्या एलसीडीच्या पाठीवर असते ती बहुधा पीसीएफ८५७४. तिच्यात आणि तिच्या ‘ए’ बहिणीत पत्ता निराळा, एकीचा सहसा हेक्स २७, दुसरीचा हेक्स ३एफ. पडदा उजळतो पण अक्षर उमटत नाही, तेव्हा आधी हे पाहा, मग पाठीवरचा काँट्रास्टचा स्क्रू फिरवा. पण पीसीएफची पिन करंट आत ओढते जोरात आणि बाहेर देते अगदी किरकोळ. यूएलएनला ती पुरणार नाही.

राहिली बटणं. उनो फलकातच बसवा. क्लॉकच्या किंवा आयटूसीच्या तारा मैदानभर ताणू नका. टेबलापर्यंत लॅन केबल न्या. तिच्यात तारा आठ. एक ग्राउंडला दिली तर सात बटणं होतात: दोन्ही संघांना गुण वाढवायचं-कमी करायचं मिळून चार, चढाई सुरू, चढाई थांबव, सगळं शून्य. पुढे लोण आणि बोनसची बटणं हवीशी झाली तर चार ओळी, चार स्तंभ अशी जाळी करा. त्याच आठ तारांवर सोळा बटणं बसतात. तार वर ओढून धरणारे चिपमधले पुल-अप रेझिस्टर इतक्या लांब तारेला कमकुवत पडतात, तेव्हा स्तंभांना बाहेरून दोन-अडीच किलोओहमचे लावा. जाळीत तीन बटणं एकदम दाबली तर न दाबलेलं चौथंही दाबल्यासारखं दिसतं, म्हणून काही कीबोर्डांत प्रत्येक बटणामागे डायोड घालतात. गुणलेखक एका वेळी एकच बटण दाबतो, त्याच्या टेबलावर डायोड नसले तरी चालतील.