शेतावर राबायला परदेशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. आमच्या घरात दोन महिने ज्या गोष्टीवरून वाद चालला आहे, तीच तुमच्यापुढे मांडते. आज ना उद्या ती तुमच्याही घरी येईल.

माझी पुतणी नुकतीच पदवीधर झाली. ती म्हणते, "काकू, मला परदेशात सेंद्रिय शेतावर काम करायला जायचे आहे. पगार नाही, पण जेवण आणि राहणे मिळते." भाऊजी खवळले. "शेणामातीतून सुटावे म्हणून आपण गाव सोडून भाईंदरला आलो, आणि ही विमानाचे भाडे भरून शेण कालवायला जाणार!" जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मी मुलीला जवळ बसवून सगळे विचारून घेतले. ही रीत इंग्लंडात 1971 साली सुरू झाली, आणि सुरू करणारी एक बाईच. स्यू कॉपर्ड तिचे नाव. लंडनला ती सेक्रेटरीचे काम करी. शहरात जीव रमेना, आणि खेड्यात जावे तर ओळखीचे शेत नाही. तिने ससेक्स परगण्यातल्या एका शेतावर शनिवार-रविवार काम करण्याची परवानगी मिळवली आणि आणखी काही माणसांना जोडीला घेतले. त्यातून 'वूफ' नावाची चळवळ उभी राहिली. आज ती शंभराहून अधिक देशांत आहे. दिवसाला साधारण चार ते सहा तास काम करायचे, त्याबद्दल शेतकऱ्याने जेवण आणि निवारा द्यायचा. मजुरीही नाही आणि खाणावळीचे पैसेही नाहीत. हा हिशेब ऐकून जाऊबाई रडता रडता म्हणाल्या, "मग आमचा उरलेला अर्धा दिवस कोणाच्या खाती जमा आहे?" भाऊजी गप्पच बसले!

आता भाऊजींचा खरा प्रश्न. शेणखत शिकायला साता समुद्रापार कशाला? वाचनालयातून पुस्तक आणून पुतणीने मला वाचून दाखवले, तेव्हा एक नवल कळले. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ 1924 ते 1931 इंदूरला, म्हणजे आपल्या होळकरांच्या संस्थानात, शेतीचे प्रयोग करीत होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. 1930 साली वारल्या, तोवर त्यांनी पतीच्या बरोबरीने संशोधन केले. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, मधून मधून उलथायचे, की तीन महिन्यांत खत तयार. याला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. 1931 साली यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. इंग्लंडातली सेंद्रिय शेतीची चळवळ ज्यांना आपले आद्य गुरू मानते, त्यांत हॉवर्ड आहेत, आणि आपल्या शेतकऱ्यांकडून आपण शिकलो हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. म्हणजे मुलगी जे शिकायला निघाली, ते आपल्याकडूनही तिकडे गेले आहे. शेणामातीत हात घालणाऱ्याला आपण मात्र अडाणी ठरवले.

म्हणून माझे मत असे, की मुलीला अडवू नये. पण डोळे झाकून पाठवूही नये. मी तिला तीन अटी घातल्या आहेत.

पहिली अट परवान्याची. मजुरी नाही म्हणजे ते काम नव्हे, असे सगळी सरकारे मानीत नाहीत. न्यूझीलंडमध्ये जेवण-राहण्याच्या बदल्यात केलेले कामही कामच धरतात. पर्यटकाच्या व्हिसावर ते चालत नाही. ऑस्ट्रेलियाने 2024 पासून 18 ते 30 वर्षांच्या शिकलेल्या भारतीय मुलामुलींना फिरत फिरत काम करण्याचा व्हिसा खुला केला, पण जागा वर्षाला हजारच, आणि त्याही सोडत काढून. तेव्हा त्या देशाचा नियम आधी वाचावा. कोणी "चालते हो" म्हणाले, म्हणून निघू नये.

दुसरी अट घराची. शेतावर कोण कोण राहते, झोपायची खोली वेगळी आहे का, दाराला आतून कडी आहे का, आधी राहून आलेल्या मुली काय सांगतात, हे लेखी विचारावे. परतीचे तिकीट आणि थोडे पैसे स्वतःजवळ असावेत, म्हणजे मन खट्टू झाले तर कोणाची परवानगी न मागता निघता येईल.

तिसरी अट माझी आवडती. आधी इथे एक हंगाम राबावे. वसईच्या वाड्या आपल्यापासून खाडीपलीकडे. तिथल्या बायका पहाटे उठून भाजी काढतात. त्यांच्याबरोबर चार आठवडे वाकून पाहावे. ज्या मुलीची कंबर इथे एकदा दुखली, तिला तिथे काम कोणते आणि पिळवणूक कोणती हे बरोबर कळेल.

पुतणीने तिन्ही अटी मान्य केल्या आणि ओळखीच्या एका वाडीवर जायलाही लागली. भाऊजी अजून रुसलेले आहेत, पण परवा तिने आणलेली मेथी दोनदा वाढून घेतली.

शेवटी एक विनंती. आपल्या सोसायट्यांतली भाजीची देठे आणि साली रोज गाडीत जातात. मंडळाने या वर्षी एका कोपऱ्यात 'इंदूर पद्धती'चा ढीग रचावा. उद्या आपल्यातली एखादी लेक परदेशी शेतावर गेली आणि कोणी विचारले, "हे कुठे शिकलीस?" तर तिला "आईकडे" असे सांगता यावे.